बोलणाऱ्याविना बोल

जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांतली आणि पत्रांतली निवडक वाक्ये विषयवार लावून त्यांचे छोटेखानी पुस्तक काढण्याची प्रथा इंग्रजी प्रकाशनव्यवहारात जुनी आहे. असाच एक संग्रह मी भाचीला भेट देण्यासाठी घेतला. ती नुकतीच कादंबऱ्या वाचू लागली आहे आणि ऑस्टिनची ओळख एकदम चारशे पानांतून करून देण्याआधी तिला त्या वाक्यांची चव कळावी, असा माझा विचार होता. देण्यापूर्वी एकदा चाळावे म्हणून पुस्तक उघडले आणि ते दोन महिने माझ्याकडेच राहिले. त्यातले जवळजवळ प्रत्येक वाक्य मी मूळ कादंबरीत शोधून पुन्हा वाचले, आणि या संग्रहाबद्दल जे सांगायचे आहे ते त्या शोधातूनच हाती आले.

पुस्तकाचे रूप देखणे आहे, हे आधी नोंदवतो. तळहातावर मावणारा आकार, कापडी बांधणी, खुणेसाठी शिवलेली रेशमी फीत आणि डोळ्यांना सुखावणारा टपोरा टाइप यांमुळे ते हातात धरावेसे वाटते. कागद जाड असल्याने पाठच्या पानावरची अक्षरे पुढे उमटत नाहीत. एका पानावर एक किंवा दोनच वाक्ये छापली आहेत आणि भोवती भरपूर मोकळी जागा सोडली आहे. या मोकळ्या जागेचा मला पुढे फार उपयोग झाला. प्रेम, विवाह, पैसा, मैत्री, वाचन, स्वभाव असे विभाग पाडले आहेत आणि शेवटी पत्रांचा वेगळा विभाग आहे. कादंबऱ्यांतल्या वाक्यांखाली कादंबरीचे नाव दिले आहे; ते वाक्य कोणत्या पात्राच्या तोंडी आहे आणि कोणत्या प्रकरणात आहे, हे मात्र कुठेही दिलेले नाही. माझ्या मते या पुस्तकाचा खरा दोष हा एकच आहे, आणि तो लहान नाही.

आपल्याकडे सुभाषिताची परंपरा आहे. सुभाषित कोणी म्हटले, कोणत्या प्रसंगी म्हटले, हे ठाऊक नसले तरी त्याचे काही अडत नाही, कारण ते एकट्याने उभे राहावे अशाच बेताने रचलेले असते. ऑस्टिनचे वाक्य दिसायला सुभाषितासारखे दिसते. तोच तोल, तोच नेटकेपणा आणि शेवटच्या शब्दावर येणारा तोच ठसका त्यात असतो. पण त्याचा स्वभाव अगदी वेगळा आहे. ते बहुतेक वेळा कोणाच्या तरी तोंडी असते, आणि बोलणारा माणूस मूर्ख आहे, लबाड आहे, दुखावलेला आहे की स्वतःची समजूत घालतो आहे, यावर त्याचा अर्थ ठरतो. मराठीत ज्याला शालजोडीतला देणे म्हणतात, ती ऑस्टिनची खास रीत आहे. वाक्य प्रसंगातून उचलून कोऱ्या पानावर ठेवले की शाल तेवढी उरते, आतला जोडा मूळ कादंबरीतच राहून जातो.

संग्रहाचे पहिलेच पान घ्यावे. १८१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चे आरंभवाक्य तिथे अपेक्षेप्रमाणे आहे: गडगंज संपत्तीच्या अविवाहित पुरुषाला पत्नीची गरज असलीच पाहिजे, हे जगन्मान्य सत्य आहे. एवढेच छापल्यामुळे ते विवाहाविषयीचे गमतीदार मत वाटते. मूळ कादंबरीत याच्या लगेच पुढे दुसरे वाक्य येते, आणि त्यात सांगितले आहे की असा पुरुष एखाद्या मुलखात नव्याने राहायला आला, की त्याच्या स्वतःच्या भावना किंवा विचार कोणाला ठाऊक नसले तरी भोवतालच्या कुटुंबांच्या मनात हे सत्य इतके पक्के बसलेले असते की तो आपल्यापैकी कोणाच्या तरी मुलीची हक्काची मालमत्ता आहे असे ती धरून चालतात. पहिल्या वाक्यातले ‘जगन्मान्य’ म्हणजे नेमके कोणाला मान्य, आणि गरज खरोखर कोणाची, हे या दुसऱ्या वाक्यामुळे कळते. जग म्हणजे लग्नाच्या मुलींचे आईबाप, आणि गरज त्या पुरुषाची नसून त्यांची. संपादकाने आणखी तीन-चार ओळी छापल्या असत्या तर पानावरची मोकळी जागा थोडी कमी झाली असती, पण विनोद पुरा झाला असता.

वाचनावरच्या विभागात वाचनासारखा आनंद दुसरा नाही, अशा अर्थाचे प्रसिद्ध वाक्य पानाच्या मधोमध मोठ्या अक्षरांत छापले आहे. बँक ऑफ इंग्लंडने सप्टेंबर २०१७ मध्ये चलनात आणलेल्या दहा पौंडांच्या नोटेवरही ऑस्टिनच्या चित्राखाली हेच वाक्य आहे, त्यामुळे या संग्रहाच्या संपादकालाच काय तो दोष देणे योग्य होणार नाही. तरीही ते वाक्य कोण आणि कसे बोलते, हे एकदा जवळून पाहण्यासारखे आहे.

‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधल्या नेदरफील्ड या घराच्या दिवाणखान्यात संध्याकाळी मंडळी बसली आहेत. कादंबरीचे नायक मिस्टर डार्सी पुस्तक वाचत आहेत. मिस बिंगलेनेही पुस्तक घेतले आहे, पण ते निवडण्याचे एकमेव कारण म्हणजे डार्सींच्या हातातल्या पुस्तकाचा तो दुसरा खंड आहे. तिचे लक्ष स्वतःच्या पानापेक्षा त्यांच्या पानाकडे अधिक आहे. ती काही ना काही विचारत राहते आणि ते विचारल्यापुरते उत्तर देऊन पुन्हा वाचू लागतात. अखेर पुस्तकात मन रमवण्याच्या प्रयत्नाने थकून ती मोठी जांभई देते आणि म्हणते की संध्याकाळ अशी घालवणे किती सुखाचे, वाचनासारखा आनंद दुसरा नाही, आणि माझे स्वतःचे घर होईल तेव्हा त्यात उत्तम ग्रंथालय नसेल तर मी दुःखी होईन. कोणीच काही बोलत नाही. ती पुन्हा जांभई देते, पुस्तक बाजूला टाकते आणि करमणुकीसाठी खोलीभर नजर फिरवते.

या प्रसंगात ऑस्टिनने एकही टीकेचा शब्द वापरलेला नाही. दोन जांभया, दुसरा खंड आणि कोणी उत्तर न दिल्याची साधी नोंद, एवढ्यावर तिने एका माणसाचे संपूर्ण चित्र उभे केले आहे. वाचनाची आवड मिरवणाऱ्या माणसाचे ते वाक्य आज वाचनप्रेमाचे घोषवाक्य म्हणून छापले जाते. ज्या भाचीला वाचनाची गोडी लागावी म्हणून मी पुस्तक घेतले, तिने हे पान उघडून ते वाक्य ऑस्टिनचे मत म्हणून वहीत उतरवावे, ही कल्पना मला सहन झाली नाही. पुस्तक माझ्याकडे राहिले ते इथूनच.

स्वभावाच्या विभागात गर्व आणि दिखाऊपणा यांतला फरक सांगणारे वचन आहे: गर्वाचा संबंध आपण स्वतःला काय समजतो याच्याशी असतो, आणि दिखाऊपणाचा इतरांनी आपल्याला काय समजावे याच्याशी. फरक बरोबरच सांगितला आहे. पण तो सांगते त्याच कादंबरीतली मेरी बेनेट, जिला आपल्या विचारांच्या भारदस्तपणाचा अभिमान आहे आणि जी संधी मिळेल तिथे पुस्तकी वाक्ये बोलत असते. याच मेरीला तिचे वडील दुसऱ्या प्रकरणात म्हणतात की तू गंभीर विचारांची मुलगी आहेस, मोठमोठे ग्रंथ वाचतेस आणि त्यांतले उतारे काढून ठेवतेस, तर तुझे मत काय? मेरीला काहीतरी फार शहाणपणाचे बोलायचे असते, पण कसे बोलावे ते सुचत नाही. उतारे काढून ठेवल्याने शहाणपण येत नाही, हे ऑस्टिनने आपल्या सर्वांत गाजलेल्या कादंबरीच्या सुरुवातीलाच दाखवून ठेवले आहे, आणि उताऱ्यांचा संग्रह करणाऱ्या संपादकाने निदान हा प्रसंग तरी प्रस्तावनेत सांगायला हवा होता. पैशाच्या विभागातले ‘भरपूर उत्पन्न हा सुखाचा सर्वांत चांगला नुस्खा आहे’ हे वाक्यही असेच ‘मॅन्सफील्ड पार्क’मधल्या मेरी क्रॉफर्डचे आहे. ती हुशार, लाघवी आणि पैशाला फार महत्त्व देणारी तरुणी आहे.

विवाहाच्या विभागात मात्र प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. विवाहातले सुख हा निव्वळ योगायोगाचा भाग आहे, असे वचन तिथे दिले आहे. ते ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ची नायिका एलिझाबेथ हिच्या मैत्रिणीचे, शार्लट लुकसचे. ती हे बोलते तेव्हा एलिझाबेथ हसते आणि तू स्वतः असे कधी वागणार नाहीस म्हणून सांगते. पुढे सत्तावीस वर्षांची शार्लट मिस्टर कॉलिन्ससारख्या वाचाळ आणि लाळघोट्या माणसाचे मागणे स्वीकारते, आणि आपल्याला फक्त सुखवस्तू घर हवे आहे, असे मैत्रिणीला शांतपणे सांगते. तेव्हा ते आधीचे वाक्य विनोद नव्हते, तो तिचा हिशेब होता, हे कळते. एलिझाबेथ तिच्या घरी राहायला जाते तेव्हा बसण्यासाठी शार्लटने मागची खोली का निवडली, याचे तिला आधी आश्चर्य वाटते, कारण जेवणघर अधिक मोठे आणि प्रसन्न आहे. मग लक्षात येते की बायकांची बैठक तितक्याच छान खोलीत असती, तर मिस्टर कॉलिन्स स्वतःच्या खोलीत इतका वेळ बसले नसते. नवऱ्याने बागेत काम करावे म्हणून ती उत्तेजन देते, आणि तो काही लाजिरवाणे बोलला की शहाणपणाने ऐकलेच नाही असे दाखवते. विवाहाविषयीचे ऑस्टिनचे शहाणपण शोधायचे असेल तर ते त्या मागच्या खोलीच्या निवडीत आहे, पण ते वचन म्हणून उचलून छापता येत नाही.

संग्रहात एक उघड चूकही आहे. ‘तू माझ्या देहामनावर मोहिनी घातली आहेस’ अशा अर्थाचे वाक्य डार्सीच्या प्रेमाचे म्हणून दिले आहे. ते कादंबरीत नाही. ते २००५ सालच्या चित्रपटातले आहे. एलिझाबेथ होकार देते तेव्हा डार्सी नेमके काय बोलला, हे ऑस्टिन आपल्याला ऐकवतच नाही. आकंठ प्रेमात बुडालेल्या माणसाकडून जितक्या समंजसपणे आणि जिव्हाळ्याने बोलण्याची अपेक्षा करावी तितक्या समंजसपणे आणि जिव्हाळ्याने तो बोलला, एवढेच ती सांगते. ज्या जागी लेखिकेने जाणूनबुजून मौन पाळले, तिथे दुसऱ्याचे शब्द तिच्या नावावर छापावेत, ही हलगर्जी आहे आणि पुढच्या आवृत्तीत ती दुरुस्त व्हायला हवी.

पत्रांचा विभाग मात्र उत्तम उतरला आहे, आणि केवळ त्यासाठीसुद्धा पुस्तक संग्रही ठेवावे असे मला वाटते. ऑस्टिनची जेमतेम एकशे साठ पत्रे आज उपलब्ध आहेत. बरीचशी तिची बहीण कॅसँड्रा हिने नष्ट केली. या विभागात पत्राची तारीख आणि ते कोणाला लिहिले हे प्रत्येक ठिकाणी दिले आहे, आणि तेवढ्यानेच वाक्याला जीव येतो. २४ डिसेंबर १७९८ रोजी, म्हणजे तेविसावा वाढदिवस झाल्यानंतर आठ दिवसांनी, ती बहिणीला लिहिते की माणसे फार लाघवी असावीत अशी माझी इच्छा नाही, कारण त्यामुळे ती मनापासून आवडून घेण्याचा त्रास वाचतो. एका बहिणीने दुसरीला एकांतात सांगावी तशी ही गोष्ट आहे, आणि तारीख व नाव शेजारी असल्यामुळे ती तशीच ऐकू येते. नोव्हेंबर १८१२ च्या पत्रात ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ एजर्टन या प्रकाशकाला एकशे दहा पौंडांना विकल्याचे ती कळवते आणि मला दीडशे मिळाले असते तर बरे वाटले असते, असे पुढच्याच वाक्यात लिहिते. स्वतःच्या श्रमाच्या मोलाविषयी तिच्या मनात कोणतीही भिडस्त शंका नव्हती, हे त्या दोन वाक्यांतून जितके स्पष्ट होते तितके पैशाच्या संपूर्ण विभागातून होत नाही.

पत्रे तारखेनुसार लावल्यामुळे आणखी एक गोष्ट साधली आहे. १८ नोव्हेंबर १८१४ रोजी ती भाची फॅनी नाइट हिला लिहिते की प्रेमाशिवाय लग्न करण्यापेक्षा बाकी काहीही पत्करावे, काहीही सोसावे. त्याच भाचीला १३ मार्च १८१७ रोजी ती लिहिते की अविवाहित स्त्रियांचा गरीब राहण्याकडे भयंकर ओढा असतो, आणि विवाहाच्या बाजूचा तो फार जोरदार मुद्दा आहे. दोन्ही वाक्ये एकाच मुलीला लिहिलेली, आणि लिहिणारी स्त्री ती की जिने डिसेंबर १८०२ मध्ये हॅरिस बिग-विदर या मोठ्या इस्टेटीच्या वारसाला संध्याकाळी होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागे घेतला. ती तेव्हा सत्तावीस वर्षांची होत होती, म्हणजे शार्लटच्याच वयाची. दुसरे पत्र लिहिल्यानंतर चार महिन्यांनी, १८ जुलै १८१७ रोजी, विंचेस्टरमध्ये वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी तिचा मृत्यू झाला. ही दोन पत्रे ओळीने वाचताना मी बराच वेळ पान उलटू शकलो नाही.

हस्तिदंताच्या तुकड्याचे सुप्रसिद्ध वाक्यही इथे योग्य रीतीने आले आहे. दोन इंच रुंदीच्या हस्तिदंतावर मी इतक्या बारीक कुंचल्याने काम करते की पुष्कळ श्रमांनंतर थोडाच परिणाम दिसतो, हे तिचे स्वतःच्या मर्यादेविषयीचे विनम्र मत म्हणून नेहमी सांगितले जाते. पत्र आहे १६ डिसेंबर १८१६ चे, तिच्या एकेचाळिसाव्या वाढदिवसाचे, आणि ते भाचा जेम्स एडवर्ड याला लिहिलेले आहे. त्या अठरा वर्षांच्या मुलाने लिहायला घेतलेल्या कादंबरीची अडीच प्रकरणे हरवली होती. आत्या त्याला लिहिते की ती मी चोरलेली नाहीत, कारण तुझी ती जोमदार, मर्दानी, रंगांनी भरलेली चित्रे माझ्या हस्तिदंताच्या इवल्या तुकड्याला मी जोडणार तरी कशी? संपादकाने इथे अगोदरची ओळ गाळलेली नाही, त्यामुळे आत्मपरीक्षणाइतकीच एका हिरमुसलेल्या मुलाची समजूत घालणारी आत्याही दिसते. याच मुलाने पुढे म्हातारपणी आत्याचे पहिले विस्तृत चरित्र लिहिले.

मग हीच काळजी कादंबऱ्यांच्या बाबतीत का घेतली नाही, हा प्रश्न मनात येतोच. पत्राला तारीख द्यावी लागते, हे संपादकांना कोणी सांगावे लागत नाही. कादंबरीतल्या वाक्यालाही बोलणारा द्यावा लागतो, हे मात्र सहज विसरले जाते. त्यातून सर्वांत मोठे नुकसान ‘एमा’चे झाले आहे. या कादंबरीतली काही चटपटीत वाक्ये संग्रहात आहेत, पण तिच्यातले सर्वांत चटपटीत वाक्य बॉक्स हिलच्या सहलीत एमाच्या तोंडी येते आणि ते इथे नाही. प्रत्येकाने एक फार हुशारीची, दोन बऱ्यापैकी हुशारीच्या किंवा तीन अगदी कंटाळवाण्या गोष्टी सांगाव्यात, असा खेळ निघतो. गरीब, प्रेमळ आणि अखंड बडबड करणारी मिस बेट्स हसत म्हणते की मग मला काळजी नाही, तोंड उघडले की तीन कंटाळवाण्या गोष्टी माझ्याकडून आपोआप होतीलच. सगळे मायेने दुजोरा देतील या भरवशाने ती सभोवार पाहते. एमाला मोह आवरत नाही. ती म्हणते, ‘अहो, पण एक अडचण आहे. संख्येची मर्यादा आहे. एका वेळी फक्त तीनच.’

मिस बेट्सला अर्थ लगेच कळत नाही. कळतो तेव्हा तिला राग येत नाही, फक्त चेहऱ्यावर हलकी लाली येते, आणि ती शेजारच्याला म्हणते की मी फारच नकोशी होत असणार, नाहीतर जुन्या मैत्रिणीला ती असे बोलली नसती. नंतर एमाचे जुने स्नेही मिस्टर नाइटली तिला सुनावतात की मिस बेट्स गरीब आहे, जन्माला आली त्या सुखस्थितीतून खाली आली आहे आणि म्हातारपणी आणखी खाली जाण्याचा संभव आहे. तू फार वाईट वागलीस. घरी परतताना गाडीत जवळजवळ वाटभर एमाच्या डोळ्यांतून पाणी वाहत राहते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच ती मिस बेट्सच्या घरी जाते. हजरजबाबीपणाची एवढी देणगी असलेल्या लेखिकेने हजरजबाबीपणाने होणारी इजा इतक्या नितळपणे दाखवावी, हे मला तिच्या सगळ्या लेखनातले सर्वांत मोठे शहाणपण वाटते. विनोद आणि शहाणपण हे दोन शब्द ज्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आहेत, त्यात या दोहोंची गाठ पडते तो प्रसंगच नसावा, याची मला खंत वाटली.

‘पर्स्युएशन’मधले एक वाक्य तर संग्रहाच्या मलपृष्ठावरच शोभले असते. बाथमधल्या एका खाणावळीच्या खोलीत कॅप्टन हार्विल नायिका ॲन इलियटला सांगतात की स्त्रियांच्या चंचलपणाविषयी काही म्हटलेले नाही असे पुस्तक मी उघडलेलेच नाही, गाणी आणि म्हणीही तेच सांगतात. ॲन उत्तर देते की कृपा करून पुस्तकांतले दाखले नकोत, स्वतःची कहाणी सांगण्याची सगळी सोय पुरुषांना मिळाली आहे, लेखणी त्यांच्या हातात राहिली आहे, आणि पुस्तकांनी काही सिद्ध होते हे मी मानणार नाही. यातला लेखणीचा भाग तेवढा संग्रहात घेतला आहे. ॲनचे ज्यांच्यावर प्रेम आहे ते कॅप्टन वेंटवर्थ त्याच खोलीत पत्र लिहीत बसले आहेत आणि थोड्या वेळापूर्वी त्यांच्या हातून खरीखुरी लेखणी गळून पडली होती, हे संग्रह वाचणाऱ्याला कळण्याचा मार्ग नाही.

ज्यांनी सहाही कादंबऱ्या वाचल्या आहेत त्यांना हे पुस्तक खुशाल घ्यावे असे मी सांगेन, कारण प्रत्येक वाक्यासरशी त्यांना आपोआप प्रसंग आठवेल आणि मूळ पुस्तक पुन्हा काढावेसे वाटेल. ज्यांनी एकही वाचली नाही त्यांनी आधी ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ घ्यावी आणि या संग्रहातली फक्त पत्रे वाचावीत. प्रकाशकाला मी पत्र लिहून पुढच्या आवृत्तीत प्रत्येक वाक्याखाली पात्राचे नाव आणि प्रकरणाचा क्रमांक छापण्याची व चित्रपटातले वाक्य काढण्याची विनंती केली आहे. माझ्या प्रतीत मी ते काम पेन्सिलने केले आहे. पुढच्या आठवड्यात पुस्तक भाचीकडे जाईल, आणि वाचनाच्या विभागातल्या त्या मोठ्या अक्षरांतल्या वाक्याखाली तिला बारीक अक्षरांत लिहिलेले सापडेल: ‘मिस बिंगले, प्रकरण ११, जांभई दिल्यानंतर.’